ऑन-रोड किमतीतला रोड टॅक्स नेमका किती? कोटेशन समजून घ्यायला मदत हवी

रानजाई | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमच्या घरात पहिलीच चारचाकी येते आहे. पुण्यात राहतो, गाडी माझ्या नावावर घ्यायची आहे, कर्ज बँकेचं. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आत बसणारी पेट्रोल गाडी पसंत पडली आणि काल शोरूममधून कोटेशन आणलं. घरी येऊन दोघांनी तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर आहे, पण त्यातल्या निम्म्या ओळी कशाच्या आहेत तेच कळत नाही.

एक्स-शोरूम: १०,१८,०००
आरटीओ: १,३४,५००
विमा: ५८,४००
टीसीएस: १०,१८०
फास्टॅग: ६००
हँडलिंग / लॉजिस्टिक: ९,५००
नंबरप्लेट: ८५०
वाढीव वॉरंटी: १७,९००
अ‍ॅक्सेसरीज किट: १४,५००
ऑन-रोड: १२,६४,४३०

सेल्समनला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हे सगळं गव्हर्नमेंटचं आहे, त्यात आपण काही करू शकत नाही." अडीच लाखांच्या घरातला आकडा आहे, नुसतं मान डोलावून द्यायला जीव होत नाही. यातला कर किती आणि बाकीचं काय, कुणी उलगडून सांगेल का?

वासुनाना | सोमवार, रात्री १०:३५

रानजाईताई, सही करायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. मी करसल्लागार म्हणून तीस वर्षं काम केलं. गाडी घेऊन झाल्यावर कागद घेऊन येणारे लोक खूप पाहिले, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

आधी करापुरतं. महाराष्ट्रात मोटार वाहन कर १९५८ च्या कायद्याखाली लागतो आणि खाजगी गाडीला तो एकरकमी भरायचा असतो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. सीएनजीला पूर्वी ७, ८, ९ होते, १ जुलै २०२५ पासून प्रत्येकी एक टक्क्याने वाढून ८, ९, १० झाले. टक्केवारी एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे जीएसटी धरून.

तुमची गाडी १०,१८,००० ची. १२ टक्क्यांनी कर होतो १,२२,१६०. त्यावर नोंदणी शुल्क ६००, स्मार्ट कार्ड २००, बँकेचा बोजा (आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर कर्जाची नोंद) चढवायचे १,५००. झाले १,२४,४६०. टपालाचे थोडे वर धरा. कोटेशनमध्ये १,३४,५०० आहेत. मधले दहा हजार सरकारचे नाहीत.

"आरटीओ" ही ओळ म्हणजे कर नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. ते एक गाठोडं आहे. कर, शुल्क आणि शोरूमचं स्वतःचं काही, तिन्ही त्यात बांधलेलं असतं. गाठोडं सोडून मागा.

रानजाई | सोमवार, रात्री १०:५०

नाना, खूप आभार. एक शंका. १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि वरच्या १८ हजारांवरच १२ टक्के, असं नाही का? इन्कम टॅक्सला असतं तसं?

वासुनाना | सोमवार, रात्री ११:०५

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्राप्तिकराला टप्प्याटप्प्याने दर लागतो. इथे किंमत एकदा १० लाखांच्या वर गेली की सगळ्या किमतीवर १२ टक्के.

त्याच गाडीचं खालचं व्हेरियंट दहा लाखांच्या आत आहे का, बघून सांगता का?

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:२०

आहे. ९,९२,००० ला. फरक फक्त मागचा वायपर, मोठा स्क्रीन आणि अलॉय व्हील्सचा.

वासुनाना | मंगळवार, सकाळी ९:१०

मग हिशोब करा. ९,९२,००० वर ११ टक्के म्हणजे १,०९,१२०. वरच्या व्हेरियंटचा कर १,२२,१६०. फरक १३,०४० रुपये. म्हणजे किंमतयादीत २६ हजारांनी महाग दिसणारं व्हेरियंट तुम्हाला ३९ हजारांना पडतं. शिवाय १० लाखांच्या आत राहिलात तर टीसीएसचे, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायच्या प्राप्तिकराचे १०,१८० लागतच नाहीत. ते परत मिळणारे पैसे आहेत, पण आज खिशातून जातात.

वायपर, स्क्रीन, चाकं तुम्हाला ३९ हजारांची वाटत असतील तर खुशाल घ्या. फक्त २६ हजारांची समजून घेऊ नका.

पाटातलंपाणी | मंगळवार, सकाळी १०:००

टीसीएसवर माझा अनुभव लिहितो, कारण आमच्याकडे यात घोळ झाला. १० लाखांच्या वरची गाडी विकताना विक्रेत्याने एक टक्का गोळा करून प्राप्तिकर खात्यात भरायचा, असा नियम जून २०१६ पासून आहे. तो जादा कर नाही. तुमच्या पॅनवर आगाऊ जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या विवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना वजा होतो.

आम्ही गाडी वडिलांच्या नावावर घेतली, पैसे मी भरले. टीसीएस अर्थातच वडिलांच्या पॅनवर गेला. त्यांचं उत्पन्न करपात्र नाही, रिटर्न भरायची सवयच नाही. बारा हजार रुपये दोन वर्षं तसेच पडून होते, शेवटी उशिराचं रिटर्न भरायची मुदतही निघून गेली. गाडी ज्याच्या नावावर, त्याने त्या वर्षी रिटर्न भरलंच पाहिजे. आणि इनव्हॉइसवर पॅन बरोबर छापलाय का ते शोरूममध्ये उभं राहूनच बघा. पॅन दिला नाही तर एकाऐवजी पाच टक्के कापतात.

नोकरदारांसाठी एक सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून हा टीसीएस कंपनीच्या अकाउंट्स विभागाला कळवता येतो, ते तेवढा टीडीएस पगारातून कमी कापतात. रिफंडची वाट बघायला नको.

घाटमाथा | मंगळवार, दुपारी १:१५

मी चार वर्षं एका शोरूममध्ये कोटेशन काढायचं काम केलं आहे. आता त्या धंद्यात नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक नावाचं काहीही सरकारी दरपत्रकात नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. नंबरप्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीनेच द्यायची आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरायची असा नियम आहे. ८५० ची ओळ सरळ काढायला सांगा. फास्टॅग मात्र नव्या चारचाकीला लागतोच. त्या ६०० पैकी काही रक्कम टॅगच्या खात्यात शिल्लक म्हणून मिळते, ती किती हे विचारून घ्या.

आमच्याकडे कोटेशनचे दोन नमुने असायचे. एक छापील, त्यात "आरटीओ" एका ओळीत. दुसरा फोड केलेला, त्यात कर वेगळा, नोंदणी शुल्क वेगळं, बोजाचं शुल्क वेगळं. दुसरा फक्त मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळायचा. महिन्याला शंभर गाड्या जायच्या, त्यात मागणारे पाच-सहा. रानजाईताई, तुम्ही दुसरा मागा. तोंडी नको, ईमेलवर मागा. लेखी मागितलं की सूर बदलतो, हे मी समोर बघितलं आहे.

विम्याचे ५८,४०० जास्त वाटतात. विमा शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही. दुसरीकडून दोन कोटेशनं आणा आणि समोर ठेवा.

शिरीष_वाघोली | मंगळवार, दुपारी २:४०

विम्याबद्दल घाटमाथांना +१. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. त्याचा हप्ता ठरलेला असतो आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच. १००० ते १५०० सीसीसाठी तीन वर्षांचे १०,६४०, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १२,५५५. यात कुणी कमी-जास्त करू शकत नाही. उरलेले जवळजवळ ४६ हजार म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कवच आणि झिरो डेप (दाव्यात घसारा न कापणारी), इंजिन प्रोटेक्ट वगैरे जोडण्या. भाव करायला जागा आहे ती इथे. मला त्याच कवचाचे शोरूममध्ये ५४ हजार सांगितले होते, बाहेर ३९ मध्ये मिळालं. बाहेरचा कागद दाखवल्यावर शोरूमनेही ४० वर आणलं होतं.

मळेवाला | मंगळवार, सायंकाळी ६:३०

धागा वाचून माझंही विचारतो. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचा मळा आहे, निर्यातीसाठी भावाभावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. १२ लाखांची पेट्रोल गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर खर्च दाखवता येईल असं एक जण म्हणाला. घ्यावी का?

वासुनाना | मंगळवार, रात्री ८:००

थांबा. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या मोटारीला सरसकट २० टक्के कर आहे, आयात केलेल्या गाडीलाही तोच. तुमच्या १२ लाखांवर व्यक्तीच्या नावाने १,४४,००० होतात, कंपनीच्या नावाने २,४०,०००. पहिल्याच दिवशी ९६ हजारांचा फरक.

समोर फायदा काय? घसारा, म्हणजे गाडीची झीज दरवर्षी खर्च म्हणून दाखवणं, १५ टक्क्यांनी, आणि गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट अशा प्रवासी मोटारीला साधारणपणे मिळत नाही. घसाऱ्याने वाचणारा कर त्या ९६ हजारांपुढे किती वर्षांत जातो, हे तुमच्या सीएकडून आकडे मांडून घ्या. एकट्याच्या मालकीचा धंदा असता तर गाडी स्वतःच्या नावावर घेऊन धंद्यापुरता घसारा घेता आला असता आणि कर १२ टक्केच लागला असता. तुमची कंपनी आहे, त्यामुळे हिशोब वेगळा. "खर्च दाखवता येतो" एवढ्या एका वाक्यावर निर्णय घेऊ नका.

मळेवाला | मंगळवार, रात्री ८:४५

नाना, हे कुणीच सांगितलं नव्हतं. छाटणीची मजुरी निघते एवढ्या पैशात. उद्याच सीएकडे जातो.

सीमाभागी | बुधवार, सकाळी ७:५०

बेळगावहून लिहितोय. तुमचा ११ टक्के वाचून हेवा वाटतो. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० ला १७, आणि त्या करावर आणखी ११ टक्के उपकर. नऊ लाखांच्या गाडीला इकडे १,३९,८६० होतात, तुमच्याकडे ९९ हजार. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर. आमच्या गल्लीत एमएच ०९ पासिंगच्या गाड्या कमी नाहीत. मावसभावाच्या पत्त्यावर कोल्हापूरला घ्यावी असं घरात चाललंय. कुणी केलंय का?

मुक्काम_बंगळूर | बुधवार, सकाळी ९:३०

दादा, माझं ऐका, हे करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की जिथे तुमचं राहणं किंवा व्यवसाय आहे आणि गाडी जिथे ठेवली जाते, त्याच राज्यात नोंदणी. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे वर्षभरात कर्नाटकाचा कर भरायचाच आहे. वाचलेले चाळीस हजार राहतात बाजूला, दोन्हीकडचा कर अंगावर येतो. मावसभावाच्या नावावर घेतलीत तर विम्याचा दावाही त्याच्याच नावाने.

माझा मामला उलटा होता. बंगळूरला २०१९ मध्ये गाडी घेतली, आजीवन कर भरला. २०२२ मध्ये नोकरीने पुण्याला आलो. फायनान्स कंपनीचं ना-हरकत, मग तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मग पुण्यात २७ नंबरचा फॉर्म आणि महाराष्ट्राचा कर. इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी होऊन लागतो, पूर्ण नाही, एवढाच दिलासा. तिकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागायला पुण्याची नवी आरसी जोडून अर्ज केला. अकरा महिन्यांत चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला खिडकीवरच्या बाईंनी फाइल उघडून दाखवली, त्यात कर भरल्याच्या मूळ पावतीची झेरॉक्सच नव्हती. मी दिली होती, कुठेतरी गळली होती. शेवटी पैसे आले, पण ती मूळ पावती जपून ठेवली नसती तर आले नसते. कराची पावती आरसीइतकीच जपा.

निळासावळा | बुधवार, सकाळी ११:१०

बदलीची नोकरी असणाऱ्यांनी भारत मालिकेचा विचार करावा. सप्टेंबर २०२१ पासून बीएच नंबर मिळतो. संरक्षण दलातले, केंद्र-राज्य सरकारी, सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतले. खाजगीवाल्यांना कंपनीकडून ६० नंबरच्या फॉर्मवर प्रमाणपत्र लागतं. दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, २० पर्यंत १०, वर १२. डिझेलला दोन जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. तो कर एकदम न घेता दोन-दोन वर्षांच्या हिश्श्याने घेतात.

मी बँकेत आहे, सहा वर्षांत तीन राज्यं झाली, मला हे वरदान वाटलं. पण दोन वर्षं संपल्यावर सात दिवसांत पुढचा कर भरला नाही तर रोज १०० रुपये दंड. माझ्या सहकाऱ्याचा पावणेदोन महिने राहून गेला, साडेचार हजारांच्या वर बसले. मोबाइलवर तारीख लावून ठेवा. आणि जो आयुष्यभर पुण्यातच राहणार त्याने या वाटेला जाऊ नये. गाडी विकायची झाली आणि घेणारा बीएचला पात्र नसेल तर त्याला राज्याचा नंबर घ्यावा लागतो, तिथे सौदा अडतो.

सीमाभागी | बुधवार, दुपारी १२:२५

मुक्काम दादा, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. केए २२ च, म्हणजे बेळगावचाच नंबर घेतो.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ४:००

इलेक्ट्रिकचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे सांगलीत याच वर्षी घेतली, मोटार वाहन कर शून्य. २०२५ च्या राज्याच्या धोरणात करमाफी आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के लावायचं म्हटलं होतं, तेही त्याच महिन्यात मागे घेतलं. तरीही आमच्या कोटेशनमध्ये "आरटीओ १८,०००" होते! कर शून्य तर अठरा हजार कशाचे, एवढं एकच विचारलं. दुसऱ्या दिवशी तीन हजारांचं कोटेशन आलं.

अभंगओवी | बुधवार, सायंकाळी ५:३०

एक जुनी माहिती. २०१७ च्या जुलैपर्यंत पेट्रोलला ९, १०, ११ टक्के होते. जीएसटी आल्यावर राज्याचं उत्पन्न बुडेल म्हणून दोन-दोन टक्के वाढवले, ते आजतागायत. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा रोड टॅक्सही आपोआप उतरला, कारण तो जीएसटीसकट किमतीवर लागतो. सात लाखांच्या मूळ किमतीवर पूर्वी उपकर धरून २९ टक्क्यांनी ९,०३,००० व्हायचे आणि रोड टॅक्स ९९,३३०. आता ८,२६,००० आणि ९०,८६०. करावर कर लावणं मला व्यक्तिशः पटत नाही. जीएसटीची रक्कम वगळून रोड टॅक्स लावावा, असं सामान्य माणसाने आमदार-खासदारांकडे लावून धरलं पाहिजे.

मंगलमावशी | बुधवार, रात्री ९:००

आमची गाडी २००९ ची, पेट्रोल. एकदा कर भरला की संपलं असं समजून होतो. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० आणि पर्यावरण कराचे ३,००० भरले. हे पाच वर्षांसाठी असतं. तेव्हा डिझेलला पर्यावरण कर ३,५०० होता. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आरसीवरची मुदत आधी वाचावी. भाच्याने चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आठ महिन्यांत हा खर्च आणि फिटनेससाठीची दुरुस्ती समोर आली.

रानजाई | शनिवार, सायंकाळी ७:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज काय झालं ते सांगते.

ईमेलवर फोड मागितली. दोन दिवस उत्तर नाही. आज दोघं गेलो, घाटमाथादादांनी सांगितलं तसं ईमेलची प्रत छापून नेली. मॅनेजरने सेल्समनला बाजूला पाठवलं, स्वतः कॅल्क्युलेटर घेतला. १०,१८,००० गुणिले १२ टक्के त्यानेच माझ्यासमोर केलं, १,२२,१६० आले, आणि जुन्या कोटेशनवरचा १,३४,५०० चा आकडा पेनाने आडवा खोडला. हँडलिंग आणि नंबरप्लेट दोन्ही ओळी गेल्या. अ‍ॅक्सेसरीज किट नको म्हटलं. विमा बाहेरचा ४१,२०० चा दाखवल्यावर त्यांनी ४२ केला, कॅशलेसच्या सोयीसाठी तो तिथूनच घेतला.

पण खरी गोष्ट पुढेच. नानांचा हिशोब डोक्यात होता, म्हणून ९,९२,००० चीच गाडी घेतली. आरसीसाठीचा कर १,०९,१२०, शुल्कं २,३००, टीसीएस नाही. अलॉय व्हील्ससाठी मुलगा हिरमुसला आहे, पण त्याचं कॉलेज पुढच्या वर्षी सुरू होतंय, ते पैसे तिकडे लागतील.

एकच प्रश्न राहिला. कर सरकारकडे तेवढाच भरला गेला हे मला कसं कळणार?

घाटमाथा | शनिवार, रात्री ८:०५

अभिनंदन ताई! सरकारच्या वाहन पोर्टलवर भरलेल्या कराची स्वतंत्र ऑनलाइन पावती निघते, त्यावर कराची आणि प्रत्येक शुल्काची रक्कम वेगळी छापलेली असते. शोरूमचा इनव्हॉइस म्हणजे ती पावती नव्हे. नंबर पडला की दोन-तीन दिवसांत मागा. त्यावरचा कर १,०९,१२० शी जुळला पाहिजे. शोरूमने जास्त घेतले असतील तर ती पावती दाखवून फरक परत मागता येतो, माझ्यासमोर लोकांना मिळालेला आहे. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटायच्या गडबडीत हे राहतं, म्हणून उरलेला शेवटचा हप्ता देतानाच लिहून घ्या की कराची पावती मिळेल.

रानजाई | शनिवार, रात्री ८:२०

लिहून घेते. गुरुवारी डिलिव्हरी आहे, पावती आली की इथे आकडा टाकते.

रानजाई | डिलिव्हरीनंतरचा सोमवार, दुपारी ३:४०

पावती आली. मोटार वाहन कर १,०९,१२०. नोंदणी ६००, बोजा १,५००, स्मार्ट कार्ड २००. मुक्काम दादांचं वाचून तिच्या दोन प्रती काढल्या, एक बँकेच्या फाइलला आणि एक आरसीबरोबर कपाटात.